फिरता आहेर

गेल्या वैशाखात पारोळ्याकडच्या एका लग्नात मला साडी मिळाली. मोरपिशी रंग, बोटभर सोनेरी काठ, पदरावर चिकटवलेले खडे. घरी येऊन पिशवी रिकामी केली आणि साडीच्या पाकिटाच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं लिहिलेलं दिसलं, 'मा. १४'. अक्षर माझंच होतं. तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलाच्या लग्नात आहेराच्या साड्यांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे होतं. कोणत्या मानकरणीला कोणती साडी, यावरून मांडवात रुसवेफुगवे होऊ नयेत म्हणून. 'मा.' म्हणजे मामेसासूबाईंकडच्या. तर ही चौदा नंबरची साडी तीन वर्षं कुणाकुणाच्या कपाटातून, कुठल्या कुठल्या मांडवातून फिरून, एकदाही घडी न मोडता, परत माझ्याच हातात आली होती.

"हाई तं मनीच साडी शे!" मी एकटीच मोठ्यानं म्हणाले. नवरा आतल्या खोलीतून बघायला आला, तर मी पलंगावर बसून हसत होते.

आमच्या खान्देशात ही गोष्ट कुणाला सांगितली तर समोरचा आपलीही अशीच एक सांगतो. एकाला स्वतःच दिलेली टोपी परत आली, एकीला बहिणीची साडी आली आणि आत बहिणीनं चुकून ठेवलेली अकरा रुपयांची पुडीही. लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, दशक्रिया, गंधमुक्ती, कशालाही गेलं की बाईला साडी नाही तर ब्लाउजपीस आणि पुरुषाला टॉवेल-टोपी. टॉवेल असा, की अंग पुसलं तर पाणी फक्त इकडून तिकडे सरकतं. टोपी सत्कारापुरती डोक्यावर, नंतर गाडीच्या डिकीत. सगळ्यांना ठाऊक असतं की हे कुणी वापरत नाही. तरी यादी होते, गठ्ठे येतात, माणसं बसून घड्या मोजतात.

त्या रात्री चिडून मी कपाट उपसलं. अठ्ठावन्न साड्या निघाल्या. त्यातल्या एकेचाळीस आहेरात आलेल्या. सुती फक्त नऊ, आणि त्या नऊंपैकी सात वापरून वापरून मऊ झालेल्या. बाकीच्यांच्या घड्यांच्या रेघा अजून कोऱ्या. मी स्वतःला कपड्यांची हौस नसलेली बाई समजत होते. मॉलमध्ये जात नाही, ऑनलाइन मागवत नाही, दिवाळीला एक साडी घेतली तर पुष्कळ. आणि अठ्ठावन्न!

या साड्या येतात कुठून, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अमळनेर स्टेशनावर सुरतेच्या गाडीची वेळ कुणालाही विचारा, घड्याळ न बघता सांगतात. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार आणि मग सुरत. पाऊस दोन वर्षं लागोपाठ दगा देतो तेव्हा या गाडीत उभं राहायला जागा नसते. सुरतेत उधना, लिंबायत या भागांत फिरलात तर दुकानात, रिक्षात, नळावर अहिराणी ऐकू येते. माझा चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा असताना गेला. साडेतीन एकर कोरडवाहूत दोन भावांचं भागेना. तो एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागला, बारा तासांची पाळी. पॉलिस्टरवर रंग साध्या उकळत्या पाण्यात नीट चढत नाही, म्हणून बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांच्या आसपास पाणी तापवावं लागतं. अशा जेट मशीनशेजारी त्याची वीस वर्षं गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येतो तेव्हा बाहेर पारा बेचाळीसवर असतो आणि हा ओट्यावर बसून म्हणतो, "काय गार वाटतंय!"

त्याची बायको घरबसल्या साड्यांना खडे आणि लेस चिकटवते. नगावर पैसे. दुपारी शेजारच्या तीन-चार जणी मिळून बसतात, गप्पा मारत. त्या मोरपिशी साडीच्या पदरावरचे खडे बघताना मला तिची बोटं आठवली. कशावरून तिनंच लावले नसतील? म्हणजे आपल्याच वहिनीनं नगावर मजुरी घेऊन सजवलेली साडी आपणच विकत घ्यायची, आपल्याच माणसांना द्यायची आणि त्यांनी ती न नेसता पुढं सरकवायची.

तापीही इथून सुरतेलाच जाते म्हणा. आमच्याकडचं सगळं त्याच दिशेनं वाहतं.

आता गंमत अशी, की आम्ही राहतो कापसाच्या मुलखात. काळी जमीन, आणि नजर जाईल तिथवर कपाशी. गणेश चतुर्थीला इथले व्यापारी कापूस खरेदीचा मुहूर्त करतात, पहिल्या गाडीला हार घालतात, त्या दिवशीचा चढा भाव पेपरात छापून येतो (आणि दुसऱ्या दिवशीपासून तो भाव कुणाला मिळत नाही, ते सोडा). धरणगावात इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली ती इथल्या कापडासाठी. अमळनेरात प्रतापशेठजींनी १९०६ मध्ये कापडाची गिरणी काढली आणि आमच्या आजोबांची पिढी गिरणीच्या भोंग्यावर उठायची-बसायची. आजीच्या तोंडी लुगड्याचा पोत, सूत, वजन यांची वेगळी भाषा होती. ती कापड आधी चिमटीत धरायची, मग उजेडासमोर, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी बघायची. मी नेमकं उलटं करते.

माझी मोठी माय, म्हणजे थोरली काकू, सत्तरीला आली तरी वेचणीला जाते. तिच्या अंगावर काय असतं ते सांगते. आहेरातली नायलॉनसारखी गुळगुळीत साडी, तिच्यावर मुलाचा टाकून दिलेला पॉलिस्टरचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला कापूस साठवायची ओटी. ओटी तेवढी सुती, तीही खताच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीची शिवलेली नसेल तर. दिवसभर हातात कापूस आणि अंगावर त्या ओटीशिवाय एक धागाही कापसाचा नाही. मी एकदा तिला म्हणाले, तुझ्यासाठी सुती लुगडं आणते. ती म्हणाली, "काय करू? वावरमां काटा लागना का फाटी जास. हाई फाटत नही. वाळस बी लवकर."

तिला दोनच साड्या आलटून पालटून नेसायच्या असतात. पावसाळ्यात रात्री धुतलेली सकाळी वाळलीच पाहिजे. सुती लुगडं वाळत नाही, चुरगळतं, त्याला नीळ-स्टार्च लागतो, तीन वर्षांत विरतं आणि किंमत तिप्पट. पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा, तो मातीत कुजत नाही, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर ओढ्यात-नदीत जातात, हे सगळं मला माहीत होतं. पण वेचणीहून आलेल्या बाईला तिच्याच ओट्यावर बसून हे ऐकवायचं धाडस मला झालं नाही. अजूनही होत नाही, आणि तसं धाडस करणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो.

माझं कपड्यांच्या मागे लागणं सुरू झालं ते मुलीमुळे. ती पुण्याहून येताना दोनशे नव्याण्णवचा टी-शर्ट घालून आली. धुवायला टाकताना आतल्या पट्टीवर वाचलं, बांगलादेश. मग पुष्कळ वाचत गेले. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती, वरच्या मजल्यांवर शिवणाचे कारखाने, खाली दुकानं आणि एक बँक. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं, दुकानं बंद झाली. शिवणाऱ्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं. महिन्याचा पगार अडकेल ही भीती होती. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात मोठमोठ्या ब्रँडच्या पट्ट्या सापडल्या, आणि काही कंपन्यांना आपला माल तिथं शिवला जात होता हेच आधी शोधून काढावं लागलं. त्यानंतर 'माझे कपडे कोणी बनवले?' असं विचारणारी चळवळ जगभर पसरली.

प्रश्न मला फार भिडला. आणि भिडला की माणूस जरा वेडेपणा करतो तसा मीही केला. घरात जाहीर केलं की आता काही नवीन पॉलिस्टर येणार नाही. ऑनलाइन एक 'ऑरगॅनिक' कुर्ता मागवला, अठ्ठावीसशे रुपयांचा. कुर्ता आला, मातकट रंगाचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुतळीनं बांधलेला, सोबत बी पेरायचा कागद. पट्टी उलटून पाहिली तर कसलंही प्रमाणपत्र नाही, परवान्याचा नंबर नाही. नुसतं एक पान काढलेलं. ईमेल केला, उत्तर आलं की आम्ही निसर्गावर प्रेम करतो. मी कपाळावर हात मारला. आता सांगते ते तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. सेंद्रिय कापडासाठी जी.ओ.टी.एस. नावाचं प्रमाणपत्र असतं. नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायचं तर धागा किमान ९५ टक्के सेंद्रिय हवा, 'सेंद्रियपासून बनवलेलं' म्हणायचं तर किमान ७० टक्के. सोबत कुणी तपासलं त्याचं नाव आणि परवान्याचा नंबर छापलेला असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. झाडाचं पान कुणीही काढतो.

कुर्त्याची गोष्ट भावाला सांगितली. तो शेती करतो, पाच एकर कपाशी. म्हणाला, ताई, सेंद्रियचं मलाही दोन माणसं सांगून गेली. रासायनिक बंद केल्यापासून दोन-तीन वर्षं संक्रमणाची. त्या काळात उतारा घटणार आणि माल जाणार साध्या कापसाच्याच भावानं. त्यात बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेलं बियाणं चालत नाही. आता मला सांग, बिगरबीटी पाकीट कुठल्या दुकानात मिळतं? देशात २००२ पासून बीटी आलं आणि आज नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी तीच आहे. बीटीनं जी अळी मरायची त्यातली गुलाबी बोंडअळी आता मरत नाही, फवारण्या पुन्हा सुरू झाल्या, तरी परतीचा रस्ता उरलेला नाही. शेजारच्याच्या शेतातून परागकण येतात ते वेगळं. भारत जगात सगळ्यात जास्त सेंद्रिय कापूस पिकवतो हे मी त्याला अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, पिकवत असेल, गटानं केलं तर जमतं, एकट्याचं काम नाही. आणि बैलाला पेंड घालायला गेला.

त्यानंतर मी गणित मांडलं. मला गणिताशिवाय करमत नाही, शाळेत तोच विषय शिकवते.

एका साध्या टी-शर्टचं वजन दीडशे ग्रॅम. बेतताना, विणताना, कातताना जे वाया जातं ते धरलं तर रुई लागते दोनशे दहा-वीस ग्रॅम. कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे शेतातला कापूस लागला साडेसहाशे ग्रॅम. एका बोंडात साडेचार ग्रॅम धरा, झाली दीडशेच्या आसपास बोंडं. एका टी-शर्टसाठी एक बाई दीडशे वेळा हात घालते. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. दिवाळीनंतर मोठ्या मायच्या बोटांची पेरं बघा, नखांच्या कडेनं बारीक चिरा असतात, रात्री ती त्यांना खोबरेल लावते.

यंदा आमच्या शिवारात वेचणीचा दर किलोला दहा रुपये होता. साडेसहाशे ग्रॅमचे साडेसहा रुपये. शेतकऱ्याचं बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. त्या हिशोबानं साडेसहाशे ग्रॅमचे बावन्न-त्रेपन्न. तेही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नंबर लागला आणि ओलावा बसला तर. खेडा खरेदीवाला दारात गाडी उभी करतो, रोख देतो आणि क्विंटलमागं पाचशे-सातशे कमी देतो. त्या बावन्न रुपयांतून बियाणं, खत, फवारणी, निंदणी आणि ते वेचणीचे साडेसहाही.

मी फळ्यावर हे मांडत होते तेव्हा लक्षात आलं, वेचणीचा दर अगदी दुप्पट केला तरी टी-शर्ट साडेसहा रुपयांनी महागेल. पुण्यातली माझी मुलगी एका कॉफीवर त्याच्या पंचवीसपट खर्च करते. पण ते साडेसहा रुपये दुकानातून निघून मोठ्या मायच्या ओटीपर्यंत पोचायचा रस्ता कुठाय? जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, पाचशे शेतकऱ्यांचा कापूस एकाच ढिगात पडतो, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या क्षणी कोण कुठला ते पुसलं जातं. 'माझे कपडे कोणी बनवले?' या प्रश्नाला बहुतेक वेळा शिवणाऱ्यापर्यंत तरी उत्तर मिळतं. वेचणाऱ्या बाईपर्यंत जवळजवळ कधीच नाही.

एक टी-शर्ट म्हणजे २७०० लिटर पाणी, हा आकडा तुम्ही वाचला असेल. मीही उत्साहानं वर्गात सांगितला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, आमच्या कपाशीला आम्ही पाणी देतच नाही, पावसावरच येते. बरोबर होतं त्याचं. तो आकडा जगाच्या सरासरीचा, त्यात पावसाचं पाणीही मोजलेलं. तापीकाठची ठिबकवरची बागायती कपाशी वेगळी आणि आमच्या माळावरची कोरडवाहू वेगळी. तेव्हापासून मी तो आकडा सांगणं बंद केलं.

मागच्या हिवाळ्यात माहेरच्या वहिनीच्या, म्हणजे शेती करणाऱ्या भावाच्या बायकोच्या, बचत गटानं मला बोलावलं. मारुतीच्या पारावर वीसेक बायका, थोडी पोरं. मी राणा प्लाझाची कागदपत्रं, फोटो सगळं घेऊन गेले होते आणि ते पिशवीतच ठेवलं. त्याऐवजी काडेपेटी काढली. प्रत्येकीला पदराच्या कडेचा एक धागा काढायला सांगितला आणि एकेक चिमट्यात धरून पेटवला.

ही जुन्या कापड दुकानदारांची पद्धत आहे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, मागं राखाडी राख उरते, बोटानं चोळली की उडून जाते. पॉलिस्टर आगीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखी वास मारतात. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, मात्र सुतासारखंच जळतं, तिथं ही परीक्षा फसते, आणि मिश्र धाग्यात थोडी राख थोडा मणी असा गोंधळ होतो. हेही मी सांगून टाकलं, नाहीतर पोरं घरी जाऊन सगळं पेटवून बघतील. (दोघांनी पेटवलंच. एकानं बापाचा नवा सदरा.)

वीस धाग्यांतून सोळा मणी निघाले. बायकांना मजा वाटत होती. मग एकीनं मोठ्या तोऱ्यात पदर पुढं केला. अकराशेची साडी, दुकानदारानं 'प्युअर कॉटन' सांगून दिलेली. धागा पेटला, वितळला, मणी झाला. क्षणभर कुणी बोललं नाही. ती बाई दुकानदारावर चिडेल असं मला वाटलं होतं, ती माझ्यावर चिडली. चारचौघीत तिची साडी खोटी ठरवली मी. पुढं महिनाभर ती माझ्याशी बोलत नव्हती आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं. लोकांच्या अंगावरचं कापड पेटवून शिकवणं हा काही फार सभ्य प्रकार नाही.

दुसरी एक जण 'आर्ट सिल्क' म्हणजे काय विचारत होती. तिला वाटायचं कलाकुसरीचं रेशीम. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारणीच्या मांडीवर पडली. तिच्या मुलीच्या लग्नात तिनं विहिणीला 'खास आर्टवाली' म्हणून तीच दिली होती.

सगळं झाल्यावर पाराच्या कडेला बसलेली मोठी माय म्हणाली, "तुनं बठ्ठं खरं शे पोरी, पन येचनीना भाव वाढी का?"

मी म्हणाले, लगेच नाही. ती म्हणाली, बरं. आणि चहा घ्यायला उठली. त्या संध्याकाळी मला जे सुचलं ते या 'बरं'मुळे. मोठमोठ्या कंपन्यांना प्रश्न विचारायला आमच्या गावातून कोण जाणार? दोनशे नव्याण्णवचे टी-शर्ट इथं दर आठवड्याला घेतं कोण? आमच्याकडची कापडाची उधळण दुकानातल्या हँगरवर नसते, ती मांडवात असते. आहेराला हात घातला तर काहीतरी हलेल.

योग असा, की भावाच्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं. आधीच्या यादीत एकशेवीस साड्या, दीडशे टॉवेल-टोप्या. मी बैठकीत विषय काढला. आहेर बंद ठेवू, पत्रिकेतच छापू. फुईनं, म्हणजे आत्यानं, ताबडतोब विचारलं, "का, जमत नाही का तुम्हाला?" गावात आहेर थांबवला की लोक पहिल्यांदा ऐपत मोजतात. भाऊ गप्प. त्याच्या डोक्यावर कापसाचं कर्ज होतं आणि खरंच जमत नव्हतं. पण ते कारण चारचौघांत जायला नको होतं. म्हणून मी म्हणाले, ऐपत आहे म्हणूनच. स्वस्तातल्या एकशेवीस द्यायच्याऐवजी जवळच्या अकरा जणींना हातमागाची चांगली सुती साडी देऊ. हँडलूम मार्क बघून घेऊ. हा शिक्का २००६ पासून आहे, फक्त हातमागावर विणलेल्या कापडाला मिळतो. बाकीच्यांना जेवण आणि मान.

चार रात्री वाद चालला. वडीलधाऱ्या एका आजोबांनी शेवटी फैजपूर काढलं. १९३६ च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, गांधीजी आले होते, खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. आजोबांचे वडील तापी ओलांडून गेले होते आणि येताना खादीचं एक धोतर घेऊन आले. "जाडंभरडं होतं, महागही होतं. बायको महिनाभर बोलत होती. पण बारा वर्षं टिकलं," आजोबा म्हणाले. कुणाच्या बाजूनं बोलले ते कुणालाच कळलं नाही, पण वाद तिथं संपला.

अकरा साड्या आल्या. चार जणींना आवडल्या नाहीत, चमक नाही म्हणून. फुई रुसली, हळदीला उशिरा आली, आणि तिची साडी तिनं महिन्याभरात सुनेला देऊन टाकली. सून मात्र ती नेसून दवाखान्यात ड्यूटीला जाते, फोटो पाठवते. मांडवातल्या बाकीच्या बायका काय म्हणाल्या ते माझ्या कानावर अजून हप्त्या-हप्त्यानं येतंय. वाचलेल्या पैशांतून वहिनीनं एक काम केलं, जे मला सुचलं नव्हतं. त्या वर्षी वेचणीला आलेल्या बायकांना किलोमागं दोन रुपये जास्त दिले. बारा रुपये. शेजारच्या शेतवाल्यांनी भावाला येऊन झापलं, तू दर बिघडवतोस. पुढच्या आठवड्यात त्यांनाही अकरा द्यावे लागले, कारण बायका आमच्याकडे वळल्या. मोठी माय त्यावर काही बोलली नाही. तिनं फक्त वजनाच्या वेळी काट्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

पुढच्या वर्षी काय, ते माहीत नाही. लग्न रोज नसतं.

संक्रांतीनंतर माहेरी गेले होते. भाव पडलेले, म्हणून भावानं कापूस विकला नव्हता. पुढची खोली छतापर्यंत भरलेली. घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, पोरं रात्रभर कुरकुरतात, उंदीर येतात, ठिणगीची भीती वेगळीच. पण भाव वाढेल या आशेवर खान्देशातली निम्मी घरं दर हिवाळ्यात अशी कापसानं भरून असतात. वहिनीनं ढिगावर धूळ बसू नये म्हणून वरून काहीतरी पांघरलं होतं. मोरपिशी. बोटभर सोनेरी काठ. दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात पदरावरचे खडे चमकत होते.

"ही तुमच्याकडे कशी?" मी विचारलं. मग आठवलं, राखीला मीच तर दिली होती तिला, सांगून सवरून, वापरायची नाही या अटीवर.

"नेसायला नको म्हणालात ना ताई," वहिनी म्हणाली. "झाकायला चांगली आहे. पाणी बी आत जात नाही."

पाकीट शोधलं तर ते चुलीमागच्या फळीवर सापडलं. 'मा. १४'. आत मोठ्या मायनं गवारीचं बी भरून गाठ मारून ठेवलं होतं.